पत्र्याची दुपार

मोठे अभियंते म्हणून निवृत्त झालेले मोघेसाहेब गावी परतले आणि त्यांनी घरावर पत्रे बसवायला घेतले. काम होतं दाजी पांचाळकडे. साहेब मात्र अंगणात खुर्ची टाकून, हातात मोजपट्टी घेऊन पहाऱ्याला बसले.

पहिली ओळ पुरी व्हायच्या आतच ते कडाडले, "थांब! स्क्रूपेक्षा भोक मोठं का पाडलंस?"

"एक सूत ढिलं ठेवावं लागतं, साहेब. वर रबराची चकती बसते, गळत नाही."

"मला शिकवतोस? छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी ढिलं काम खपवून घेतलं नाही. भोकं घट्ट पाड, नाहीतर शिडी उचल आणि चालू लाग!"

दाजीने शिडी उचलली नाही. "जेवून बोलू," एवढंच म्हणाला.

दिवस वैशाखाचे. आमरसाची तिसरी वाटी संपवून साहेब झोपाळ्यावर टेकले आणि त्यांनी हळूच कमरेचा पट्टा एक भोक सैल केला. दाजी ओटीवरून निरखून बघत होता.

"साहेब, या पट्ट्याला पाच भोकं कशाला? सकाळचं एकच पुरलं असतं की."

"अरे, जेवल्यावर पोट फुगतं. तसाच आवळून ठेवला तर जीव जाईल माझा!"

"पत्रा ऊन जेवतो, साहेब. दुपारी तोही फुगतो. आवळून ठेवला तर स्क्रूसकट उठून बसेल."

साहेबांनी छपरावरच्या तापलेल्या पत्र्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. पट्टा आणखी एक भोक सैल केला आणि म्हणाले, "लाव शिडी."