वाट चुकलेले घास

एकदा काय झालं पोरांनो, राजाची लेक कुमुद झोपाळ्यावरून पडली. डोक्याला जबर मार लागला. जीव वाचला बरं का, पण बोलणं गेलं, मान डुगडुगायला लागली आणि जेवण काही धड होईना. भूक तर लागायची! ताट दिसलं की हात पुढे करायची. पण घास तोंडात गेला की सगळा गोंधळ.

त्या राज्यात लाडाची एक रीत होती. आजारी लेकराला प्रत्येकाने आपल्या हाताने घास भरवायचा. मग काय, आत्या आली, मामी आली, प्रधानही आला. "माझा एक घास घे गं, छकुले!" कुणी हनुवटी वर करतंय, कुणी खुळखुळा वाजवतंय. पोर नुसती भांबावली. दिवसेंदिवस वाळत चालली. राजा म्हणे, "एवढं प्रेमाने भरवतोय, मग चुकतंय कुठे?" कुणालाच कळेना. शकू, हसतेस काय? तुलाही कळलं नसतं.

मग एके दुपारी कुमुदला असा ठसका लागला की ती निळी पडली. कशीबशी सावरली. राणी ओरडली, "बास! माझी पोर जाईल अशाने!" सगळ्यांना बाहेर काढून ती लेकीजवळ गप्प बसली. आणि काय नवल! कुमुदच्या गालातून बारीक आवाज आला. गालात अडकलेला घास बोलत होता!

"बाई, मी जाऊ कुठे? एवढ्या गलक्यात गिळायचंच हिच्या ध्यानात राहत नाही."

राणी चकित झाली. पण गप्प राहिली. मग कुमुदने तो घास हळूच गिळला.

मग आला पेजेचा घास. "मी पातळ, त्यात हिची मान मागे. मी भलत्याच नळीत शिरतो!" राणीने पेज दाट केली. लेकीला ताठ बसवलं, पाठीला उशी दिली, हनुवटी जराशी खाली केली.

तिसरा कुरकुरला, "मी उतरलोही नाही, तोवर मागून दुसरा ढकलता!" राणीने चमचा खाली ठेवला आणि वाट पाहिली.

तेवढ्यात राजा आला. "माझाही एक घास..."

"नाही. तुम्ही नुसते बसा."

राजा बसला बिचारा. हात रिकामे ठेवून लाड कसे करायचे, त्याला उमगेना. मग कुमुदने तोंडातला घास संपवला, बापाचा हात धरला आणि आपणच तोंड उघडलं. राजाने इवलासा घास दिला. तिने तो गिळला. राजा ढसाढसा रडला हो!

पुढे कुमुदची जेवणं सावकाश चालायची. ती पहिल्यासारखी धावली नाही, पण खाल्लेलं अंगी लागलं, आणि सगळे सुखात राहिले. काय म्हणता, घास बोलतो कसा? मला काय ठाऊक! झोपा आता मुकाट्याने.