न सोडलेला पुडा

“मग ते औषध वाटेत कुठं चुकत नाही?” अक्कांनी विचारलं.

“नाही,” श्रीरंग म्हणाला. “तीच तर त्याची खुबी आहे.”

मठाच्या ओट्यावर मठ सांभाळणाऱ्या अक्का वाती वळत बसल्या होत्या. श्रीरंग पुण्याला प्रयोगशाळेत कर्करोगाच्या औषधावर काम करायचा. लहानपणी आईचं बोट धरून इथं यायचा, शिकून मोठा झाल्यावर मात्र सवडच झाली नाही. आज आईसाठीच अंगारा मागायला आला होता. ते काही तोंडातून निघेना, म्हणून औषधाचंच सांगत बसला.

प्लॅटिनमपासून केलेलं औषध कर्करोगाच्या गाठीला मारतं, पण चांगल्या अंगालाही सोडत नाही. उलट्यांनी माणूस पिळून निघतं, मूत्रपिंडं दुखावतात. म्हणून त्यानं ते औषध डोळ्याला दिसणारही नाहीत अशा कणांत बंद केलं होतं. गाठीला जे हवंहवंसं वाटतं, ते वरून लावलं होतं. गाठ आपणहून त्या कणांना आत घेते.

“म्हणजे आमच्या पोस्टमनपेक्षा हुशार,” अक्का म्हणाल्या. “तो परवा सरपंचांची लग्नपत्रिका इथं टाकून गेला.”

श्रीरंग हसला.

“मग, गुण आला?”

“…नाही.”

त्याचं हसू ओसरलं. वाटेत फुटू नयेत म्हणून कणांचं वेष्टण तो घट्ट करत गेला होता. इतकं घट्ट, की गाठीत शिरूनही कण उघडलेच नाहीत. प्रयोगातले उंदीर गेले. मागाहून तपासलं तर औषध गाठीतच होतं. जसंच्या तसं, बंद.

अक्कांनी वात खाली ठेवली.

“तुझी आई कशी आहे? द्वारका?”

श्रीरंगनं शेजारी ठेवलेली आईच्या रिपोर्टांची फाईल सरळ केली.

त्याचं औषध माणसापर्यंत यायला अजून कितीतरी वर्षं होती. आईलाही कर्करोगच होता, तिला नेहमीचंच प्लॅटिनमचं सलाइन चालू होतं. तो रोज इस्पितळात जायचा. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून रिपोर्ट वाचायचा, सलाइनचा वेग बघायचा, नर्सला चार प्रश्न विचारायचा आणि निघायचा. एकदा आईनं खाटेची कड थोपटून दाखवली होती. बस ना जरा, म्हणाली होती. डॉक्टरांना गाठून आलोच, असं सांगून तो गेला. परत आला तोवर तिला झोप लागली होती.

“कालपासून बोलत नाही,” तो म्हणाला. “डोळेही उघडत नाही. हाक मारली की पापणी तेवढी हलते.”



काय करावं ते न सुचून त्यानं पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला. मठाची रीत अशी, की आणलेला पुडा अक्कांनी सोडायचा, पहिला पेढा आणणाऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि मग स्वतः खायचा. अक्कांनी पुडा मांडीवर घेतला. दोऱ्याला हातही लावला नाही.

“गोड आहेत,” त्या म्हणाल्या.



“अक्का, अजून दोरा सोडला नाही तुम्ही.”

“माझ्यापर्यंत आले ना?”

मठामागं कुणीतरी भांडी घासत होतं.

“मी रोज जात होतो, अक्का.”

“हो.”

“एक दिवस चुकवला नाही.”

“हो, बाळा.”

तो डोळे पुसून उठला आणि आईच्या रिपोर्टांची फाईल काखेत मारली.

“अंगारा तरी द्या. तिच्या कपाळाला लावतो. नुसतं कसं जाऊ?”

अक्कांनी हात लांब करून त्याच्या काखेतली फाईल काढून घेतली. ती पुड्याशेजारी ओट्यावर ठेवली.

“सगळं राहू दे इथंच,” त्या म्हणाल्या. “रिकाम्या हातानं जा.”