बाळाची तारीख

तृप्ती गावंडे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला नववा महिना लागला होता. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक नेमकं बाळंतपणाच्या आठवड्यात आलं. ते आधी घ्यावं म्हणून ती विभागात, मग कुलसचिवांकडे जाऊन आली. शेवटी परीक्षा संचालक डॉ. उपासनींच्या टेबलासमोर उभी राहिली तेव्हा तिचे पाय सुजले होते. वर्ष वाया गेलं तर लागलेली नोकरीही जाणार होती.

उपासनींनी तिला बसायला सांगितलं नाही. आत दोन प्राध्यापकही बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "विद्यापीठाचं वेळापत्रक एका मुलीसाठी बदलत नसतं. मूल कधी व्हावं याचं नियोजन आधी करायला हवं होतं."

तृप्तीला चिडण्याचंही त्राण नव्हतं. ती म्हणाली, "केलं होतं, सर. परीक्षा एप्रिलमध्ये होती, बाळ जुलैत. तुम्ही परीक्षा मेमध्ये नेली, मग जूनमध्ये, आता जुलैत. बाळ अजून त्याच तारखेवर आहे. आता कुणाला तरी हलावं लागेल. तारीख बदलायची सवय विद्यापीठाला आहे, बाळाला नाही."

एक प्राध्यापक खोकल्याआड हसले. उपासनींनी खुर्चीकडे बोट दाखवलं, आणि ती बसली.

"येत्या सोमवारी घेऊ," ते म्हणाले. "प्रयोगशाळेत बसायला स्टूल देऊ. काही अडचण आली, तर पुढची तारीख कळवू."

तृप्तीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, सोमवारीच," उपासनी म्हणाले.