शेवंताची वाकळ

“…मग मी शिकले म्हणायचं तरी कवा, आक्का?”

शेवंता सकाळपासून हेच विचारत होती.

हौसाक्का ओसरीवर जुन्या लुगड्यांचे थर पसरून बसली होती. गडहिंग्लजच्या बाजूला गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळ म्हटली की लोक हौसाक्काचंच नाव काढतात.

“वाकळ तुला उठू देणार न्हाई, त्या दिवशी.”

“म्हंजे?”

आक्काने सुईत दोरा ओवला.

शेवंता चिडली. कारखान्यातलं शिवणकाम सोडून तिने घरीच वाकळांचा धंदा मांडला होता. हात असा झरझर चालायचा की शेजारणी बघत उभ्या राहायच्या, आणि ते तिला आवडायचंही. पण एका बाळंतिणीच्या घरून वाकळ परत आली. पहिल्याच धुण्यात आतले थर सरकून त्यांचे गोळे झाले होते. आता आक्का “हिच्याकडं जावा” म्हणाल्याशिवाय तिच्याकडे कुणी फिरकणार नव्हतं. ही थंडी हातची गेली तर पुन्हा कारखानाच होता.

“मी माघारी जाणार न्हाई, आक्का. काय बी हुंदे.”

“मग बस. शीव.”

शेवंता वाकळेवरच मांडी घालून बसली. हात सुटला. टाके लांब लांब पडत होते आणि नजर सारखी रस्त्याकडे जात होती. घरी परतायची शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं.

“ही बघा, झाली!”

म्हणत ती उठायला गेली, आणि मागे ओढली जाऊन धपकन खाली बसली.

तिचा पदर वाकळेखाली सरकून टाक्यांत शिवला गेला होता. चांगला वीतभर.

हौसाक्का पोट धरून हसली. “वाकळंसंगं सोताला बी देणार व्हय गिऱ्हाइकाला?”

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तोंड गप्प बसेना.

“घ्या! दिलं न्हाई उठू हिनं. शिकले मग मी?”

आक्का हसायची थांबली. तिने कात्री पुढे सरकवली.

“काय कापू? पदर का टाके?” शेवंताने विचारलं.

आक्काने आपलं शिवण पुढे ओढलं.

पदर कापला असता तर एसटी मिळाली असती. कापलेला तुकडा खालच्या अंगाला राहिला असता, कुणाला कळलंही नसतं. शेवंता कात्री घेऊन बसली होती, आणि समोर तिचेच लांबडे टाके दिसत होते. बाळंतिणीकडून आलेली वाकळ तिला आठवली. तिला स्वतःचा संताप आला.

तिने टाके उसवले. पदराचे उसवले, मग त्या ओळीतले सगळे, मग मागच्या ओळीतले. सुई घेतली आणि बारीक टाका घालत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रस्त्यावरून एसटी गेली.

“गाडी गेली की गं.”

“जाऊ दे.”

ऊन उतरलं. ओसरीवर गारठा आला. आक्काने चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, ताट वाढून आणलं.

“ऊठ. दोन घास खा.”

“एवढी वळ हुंदे.”

ती ओळ झाली. सुई दुसऱ्या ओळीला लागली. ताटातली भाकरी गार झाली.

“शेवंता, ऊठ म्हंते न्हवं?”

“उठता येईना, आक्का. हितं सोडलं तर पुन्हा गोळा हुईल.”

हौसाक्का तिच्याजवळ येऊन वाकली. वाकळेवरून हळूच हात फिरवला.

“अगं, पदर तर मघाच सुटलाय.”