पृथ्वी आणि पालखी

वासुदेवशास्त्र्यांनी पितळेचं ब्रह्मांड घडवलं. मध्यभागी सूर्य बसवला आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरती ठेवली. राजेसाहेबांचा पारा चढला.

“म्हणजे आमचं सिंहासनही फिरतं? मग आम्हाला कसं कळत नाही? उत्तर द्या, नाहीतर कडेलोट!”

शास्त्री घाईघाईनं पोथी चाळू लागले. ते अवजड ब्रह्मांड दरबारात वाहून आणणारा कान्हू भोई दाराशी उभा होता. त्याला राहवलं नाही.

“सरकार, परवा पालखीतून घाट चढलात, तेव्हा काय कळलं?”

“काय कळायचंय? आमचा डोळा लागला होता.”

“पुढच्या दांड्याला खांदा माझ्या धाकट्या भावाचा होता. माथ्यावर पालखी टेकवली आणि तिथंच रक्त ओकून मेला. तुम्हाला कळलं नाही, म्हणून काय पालखी चालली नव्हती?”

राजेसाहेबांना उत्तर मिळालं. शास्त्री सुटले.

ब्रह्मांड मात्र वितळवलं गेलं. त्याच पितळेनं राजेसाहेबांनी पालखीचा दांडा मढवून घेतला. कान्हूच्या खांद्यात तो आता दुप्पट रुततो. आत बसणाऱ्याला अजूनही काही कळत नाही.