दडलेला चाप

हैबतराव इनामदाराची भावजय विषानं मेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. इनामदाराविरुद्ध तोंड उघडलं ते एकट्या त्र्यंबक वैद्यानं. तेव्हापासून घाट ओलांडताना तो कमरेला तळहाताएवढं पिस्तूल खोचायचा. दारू ठासून, वर ठिणगी पाडणारी टोपी चढवून उडवायचं, जुनं विलायती. तरी घाटातच मेला, आणि तोही त्याच पिस्तुलाच्या गोळीनं.

त्याच्या बायकोनं, द्वारकेनं, इनामदारावर फिर्याद केली. न्यायाधीशांपुढे हैबतराव मिशीवर ताव देत म्हणाला, "असलं हत्यार मी जन्मात पाहिलं नाही."

न्यायाधीशांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. "याला चाप कुठाय?" शिपायांनाही तो सापडेना.

"या खेळण्यानं काय माणूस मरतंय!" हैबतराव हसला.

द्वारका पुढे झाली. "मग चालवा माझ्यावर, इनामदार. रिकामंच आहे. का भीती वाटते?"

भर कचेरीत एका विधवेनं डिवचलं! हैबतरावानं पिस्तूल हिसकावलं, तिच्या कपाळावर रोखलं आणि अंगठ्यानं घोडा मागे ओढला. तसा आत दडलेला चाप टपकन खाली आला, तो नेमका आधीच तिथं टेकलेल्या त्याच्या बोटापाशी. खट् झालं.

द्वारकेनं मिटलेले डोळे उघडले आणि ती न्यायाधीशांकडे वळली.

"घोडा ओढल्याशिवाय याचा चाप बाहेर येत नाही, सरकार. हे तिघांनाच ठाऊक. मला, आमच्या ह्यांना, आणि ज्यानं घाटात ह्यांच्या हातून ते हिसकावलं, त्याला."

हैबतरावाचं बोट अजून चापावरच होतं.