राजकन्येची पावले, काजळ्याचे पंजे

एका राज्यात माणसांना स्वतःच्या पायांची भीती वाटत असे. आधी टाच कोरडी पडे, मग तिला भेग पडे. भेग खोल गेली की तिच्यातून कुजबुज ऐकू येई. मग रोज दिवस कलला की पाय उठत आणि खाऱ्या तळ्याच्या दिशेने चालू लागत. माणूस शुद्धीवर असे, रडे, खांबाला मिठी मारी. पाय ऐकत नसत. सूर्य बुडाला की ते पुन्हा आपले होत आणि माणूस घरी परते. पण दुसऱ्या दिवशी पाय आणखी पुढे जात. सातव्या दिवशी तळे येई. माणूस आत उतरे, आणि पाणी हलतही नसे.

शाप कसा लागला ते सर्वांना ठाऊक होते. दारी आलेल्याचे पाय धुवायचे आणि काशाच्या वाटीने तळव्यांना तेल चोळायचे, ही त्या राज्याची रीत. एकदा राजा मणिकंठाच्या दारी एक जोगीण आली. तिच्या पायांना तेल मिळाले. ती म्हणाली, "राजा, माझा कुत्राही तितकेच चालून आला आहे. त्याचे पंजे फुटले आहेत."

राजा हसला. "जोगीणबाई, उद्या खेटरांनाही तेल मागाल!"

सारा दरबार हसला. जोगीण उठली. "ज्या पावलांचा एवढा तोरा, ती तुमची राहणार नाहीत," एवढे बोलून ती तळ्याकडे गेली. पुढे लोकांनी घाबरून कुत्र्यांनाही उरलेसुरले तेल लावून पाहिले. शाप जागचा हलला नाही.

मग राजाची एकुलती एक मुलगी हंसावली हिच्या टाचेला भेग पडली. तिचा काळा कुत्रा काजळ्या, त्याचेही पंजे त्याच दिवशी फुटले. दिवस कलला की दोघे बरोबरच निघत.

तिसऱ्या दिवशी राजवाड्यात वल्लरी आली. दूर देशी सात वर्षे वैद्यक शिकून ती नुकतीच मायभूमीला परतली होती. अजून स्वतःच्या घरीही गेली नव्हती.

"पुष्कळ वैद्य येऊन गेले," राजा म्हणाला. "तू निराळे काय करणार?"

"आधी पाय पाहीन, महाराज. पोथी नंतर."

तिने हंसावलीच्या टाचेला कान लावला, मग काजळ्याच्या पंजाला. दोन्ही भेगांत कुजबुज एकच होती. "एकच दुखणे आहे. मलमही एकच लागेल, एकाच वाटीतले."

राजोपाध्याय नाकाला उपरणे लावून म्हणाले, "परदेशी विद्येत माणूस आणि कुत्रा एका पाटावर बसतात वाटते?"

"पाटाचे मला ठाऊक नाही, शास्त्रीबुवा. भेग मात्र दोघांना सारखीच दुखते."

अंगणात एक टिटवी चालत होती. ती म्हणाली, "मुली, तीन वस्तू आण. मुक्या मधमाश्यांचे मेण, उलट्या पायांच्या बाईकडचे कोकमाचे तेल, आणि बैलावाचून फिरणाऱ्या घाण्याचे तिळाचे तेल."

मुक्या मधमाश्यांचे पोळे कोरड्या विहिरीत होते. हजारो माश्या उडत होत्या आणि आवाज कसला तो नव्हता. तिथे जो शब्द काढी, त्याची वाचा तिथेच राही. माश्यांनी वल्लरीला एकवीस ठिकाणी दंश केला. तिने ओठ मिटून मेण काढले.

चौथ्या दिवशी ती बिनसावलीच्या झाडाखाली पोचली. एक हडळ कोकमाच्या बिया फोडत बसली होती. तिच्या टाचा पुढे होत्या.

"हास की," हडळ म्हणाली. "सगळे आधी हसतात. मग पळतात."

"हसू कशाला? किती भेगा पडल्यात, बाई! चालता तरी येते का?"

वल्लरीने तिच्या टाचा मांडीवर घेऊन तेल चोळले. मग हडळीने थिजलेल्या तेलाचा पांढरा गोळा पुढे केला. "जा आता. अंधार पडल्यावर माझा माझ्यावर भरवसा नाही."

पाचव्या दिवशी घाणा सापडला. बैल नव्हता, माणूस नव्हता. ओल्या मातीत नुसती पावले उमटत होती, एकामागून एक, गोल गोल. मोठी, छोटी, मध्येच कुत्र्यांचे पंजे. तळ्यात उतरलेल्या सर्वांची पावले तिथे घाणा ओढत होती.

"थांबता येत नाही," माती म्हणाली. "तेल घे. पण आमच्या खुणांवर पाय देऊ नकोस, पोरी. तेवढेच उरले आहे आमचे."

तिने उड्या टाकत तेल भरले.

सहाव्या दिवशी वल्लरीने निम्मे मेण घेतले. उकळत्या पाण्यात वाटी ठेवून ते वितळवले, त्यात तिप्पट तेल ओतले, आणि उतरवताना चिमूटभर कापूर घातला, कारण राजघराण्याच्या पायाला बिनवासाचे काही लावीत नसत. मलम दोघांना लावले. हंसावलीची भेग डोळ्यांदेखत मिटली. राजाला हुंदका आला.

तेवढ्यात काजळ्याने, सगळे कुत्रे करतात तसे, पंजे चाटले. त्याच्या तोंडाला फेस आला, अंग थरथरू लागले, आणि त्याच क्षणी हंसावलीची टाच कापड फाटावे तशी पुन्हा फाटली.

टिटवी म्हणाली, "कापूर कोणी घातला?"

"मी."

"सात वर्षे शिकलीस आणि कुत्रा पंजा चाटतो हे कोणी सांगितले नाही?"

"सांगितले होते," वल्लरी म्हणाली. "दरबारात उठून दिसण्याच्या नादात विसरले." त्या दिवशी ती जेवली नाही, काजळ्याला ताक पाजत बसली. दिवस कलता कलता तो डोळे उघडून धडपडत उभा राहिला, आणि दोघे रोजच्यासारखे निघाले.

सातव्या दिवशी उरलेले मेण, तेच तेल, बाकी काही नाही. थेंब गार फरशीवर टाकला. तो थिजला, बोटाच्या उबेने विरघळला. वल्लरीने तो आधी स्वतः चाटून पाहिला.

"महाराज, हे तुम्ही लावायचे."

"मुलीला लावतो. कुत्र्याला तू लाव."

"त्या दिवशी हसले कोण होते?"

राजा खाली बसला. त्याने मुलीच्या पायांना मलम लावले, मग काजळ्याच्या पंजांना. काजळ्याने ते चाटून टाकले. राजाने पुन्हा लावले. काजळ्याने पुन्हा चाटले. वाटीत आता बोटभर उरले आणि दिवस कलला.

हंसावलीचे पाय उठले. "बाबा!" ती ओरडली, आणि चालू लागली.

राजाने उरलेले मलम काजळ्याला लावले आणि चारही पंजे मांडीत घट्ट धरले. पंजे तळ्याकडे ओढ घेत होते.

"महाराज, धावा!" राजोपाध्याय किंचाळले. "ती वेशीबाहेर गेली!"

राजा अर्धा उठला.

"उठलात तर तो चाटेल," वल्लरी म्हणाली. "त्याची भेग मिटल्याशिवाय तिची मिटणार नाही. मुरेपर्यंत धरा."

राजा पुन्हा बसला. मुलीच्या हाका लांब गेल्या, बारीक झाल्या, थांबल्या. तो पंजे चोळत राहिला. "काजळ्या, शहाणा ना तू? थोडे थांब रे, बाळा."

तेव्हा भेगांतली कुजबुज त्याच्या तळहातात बोलू लागली. आवाज जोगिणीचा होता. "राजा, माझ्या कुत्र्याचे नावही तू विचारले नाहीस."

"आता विचारतो, जोगीणबाई. काय नाव त्याचे?"

मग राजाच्या हाताखाली भेगा एकेक करून मिटल्या, आणि शेवटची मिटताना तिच्यातून एक नाव ऐकू आले. ते नाव राजाने जन्मात कोणाला सांगितले नाही.

पंजे ढिले पडले. तळ्याकडून माणसांचा गलबला येऊ लागला. कोणी आईला हाक मारीत होते, कोणी आपला कुत्रा शोधीत होते. ज्यांना पाण्याने नेले होते, ते कोरड्या कपड्यांनी परतत होते. त्यांत आपली मुलगी आहे की नाही, हे पाहायला राजाची मान वर होईना. तो काजळ्याकडेच पाहत राहिला.

आधी काजळ्याची शेपटी हलली.

मग दोन ओली पावले येऊन राजासमोर थांबली. आपण होऊन थांबली.

त्यांची पावले जशी त्यांना परत मिळाली, तशी ऐकणाऱ्यांची ऐकणाऱ्यांपाशी राहोत, दोन पायांचीही आणि चार पायांचीही.